क्वांटम ऑप्टिक्समध्ये संशोधक व्हायचे असेल तर
बी.एस्सी.नंतर या क्षेत्रात, म्हणजे प्रकाशाच्या क्वांटम स्वरूपाच्या अभ्यासात यायचे असेल, तर आयआयटीतील एम.एस्सी.साठी 'जॅम' आणि पुढे पीएच.डी.साठी 'जेस्ट' किंवा 'नेट' या परीक्षांची तयारी वेळेत सुरू करावी. मात्र रेषीय बीजगणित आणि हार्मोनिक ऑसिलेटर (स्प्रिंगसारख्या आंदोलनाचे भौतिकीतील मूलभूत प्रारूप) पक्के नसतील, तर ग्लाउबर आणि सुदर्शन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६३ साली सुसंगत अवस्थांच्या (लेसरच्या प्रकाशासारख्या क्वांटम अवस्थांच्या) आधारे केलेले प्रकाशाचे वर्णन नुसते पाठ होते, समजत नाही.

होंग, ऊ आणि मँडेल यांच्या १९८७ च्या प्रयोगाचे गणित स्वतः करून पाहावे. दोन अगदी एकसारखे फोटॉन (प्रकाशकण) समसमान बीम स्प्लिटरवर, म्हणजे निम्मा प्रकाश आरपार सोडणाऱ्या आणि निम्मा परावर्तित करणाऱ्या आरशावर, दोन बाजूंनी एकाच वेळी आले, की ते नेहमी एकाच बाजूने बाहेर पडतात, कारण वेगवेगळ्या बाजूंनी जाण्याच्या दोन मार्गांचे संभाव्यता-आयाम (ज्यांच्या वर्गावरून संभाव्यता मिळते त्या संख्या) एकमेकांना रद्द करतात. इतका सुंदर आणि इतका उपयोगी परिणाम या विषयात क्वचितच सापडेल.

पीएच.डी.साठी पुण्याची आयसर, मुंबईची टीआयएफआर, बंगळुरूची रामन संशोधन संस्था असे पर्याय आहेत. माझ्या मते संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाचे माजी विद्यार्थी आज काय करतात, हे आधी विचारावे. प्राध्यापकपदासाठी अर्ज करण्यापूर्वी, शक्यतो वेगळ्या गटात, पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधन) करावे आणि तिथे मार्गदर्शकाच्या कामाहून स्वतंत्र असा प्रश्न हाती घ्यावा.