रिपोर्ट सर्व्हर क्लस्टरवर चढवण्याआधी: एक तारखेच्या आत उरकायची तयारी

रिपोर्ट सर्व्हर म्हणजे डेटाबेसमधून रिपोर्ट काढून देणारा प्रोग्रॅम, आणि क्लस्टर म्हणजे तो ज्यावर चालतो तो मशीनचा गट. तयारीची सुरुवात क्लस्टरपासून करू नका, रिपोर्टपासून करा. अकाउंट्स, स्टोअर आणि एचआरकडून तीन रिपोर्ट मागून घ्या: सगळ्यात जड, सगळ्यात जास्त मराठी मजकुराचा, आणि रात्री आपोआप मेलवर जाणारा. जड म्हणजे वर्षभराचा स्टॉक लेजर, मराठी म्हणजे कामगारांचं पगारपत्रक, आणि रात्रीचा बहुधा साहेबांच्या सकाळच्या चहाआधी पोहोचायचा असतो. डेटा खराच हवा. नावं आणि खाते क्रमांक बदलून घ्या, पण ओळींची संख्या तेवढीच ठेवा. पुढचे मेमरीचे, डिस्कचे, वेळेचे सगळे आकडे या तिघांवरून ठरतात. लॉगिनचं पान उघडलं म्हणजे सर्व्हर चढला असं धरून चाललात, तर एक तारखेला सकाळी साडेनऊला भोसरीच्या कारखान्यातून फोन ठरलेला. इथे जॅस्परसारखा जावावर चालणारा सर्व्हर, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि क्लस्टर सांभाळणारं कुबरनेटीस गृहीत धरलं आहे. कुबरनेटीसच्या भाषेत क्लस्टरमधलं एक मशीन म्हणजे नोड, आणि त्यावर कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतंत्र डब्यात, चालणारी प्रोग्रॅमची एक प्रत म्हणजे पॉड. बाकी सर्व्हरनाही यातलं बरंच लागू पडतं.

क्लस्टर आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये (क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरच्या एकाच ठिकाणी) आहेत ना, हे पहिल्याच दिवशी बघा. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडचं ‘सेंट्रल इंडिया’ हे नाव वाचून नागपूर डोळ्यांसमोर येतं, पण ते रीजन पुण्यात आहे. ॲमेझॉन आणि गूगलची पश्चिमेकडची रीजन मुंबईत. रिपोर्टमध्ये दर ओळीला एक सबरिपोर्ट (रिपोर्टच्या आतला छोटा रिपोर्ट) असेल तर ५,००० ओळींना डेटाबेसकडे ५,००० क्वेऱ्या (माहितीच्या मागण्या) जातात. डेटाबेसपर्यंतच्या एका फेरीला २ मिलिसेकंद लागले तर १० सेकंद, ३० लागले तर अडीच मिनिटं. कोड तोच, सर्व्हर तोच. असा सबरिपोर्ट सापडला तर तो जॉइनमध्ये (टेबलं जोडणाऱ्या एकाच क्वेरीत) बसवून घ्या, क्लस्टर मोठा करत बसू नका.

इमेज म्हणजे कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो प्रोग्रॅमचा तयार साचा. तिला ‘लेटेस्ट’ टॅग लावू नका. ठरावीक आवृत्ती लिहा, जमलं तर डायजेस्टच (इमेजचा न बदलणारा ठसा) द्या, आणि इमेज स्वतःच्या रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) आणून ठेवा. डॉकर हब या सार्वजनिक रजिस्ट्रीवर बिनखात्याच्या डाउनलोडला मर्यादा आहे आणि सगळे नोड एकाच नॅटमागे (सगळे एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर जात) असले की ती सगळ्यांत मिळून मोजली जाते. ऐन वेळी नवा नोड आला की पॉड ‘इमेज पुल बॅकऑफ’मध्ये, म्हणजे इमेजची वाट बघत, अडकतो.

आता फॉन्ट. इथे घाई करू नका, कारण मराठी रिपोर्टची निम्मी रड इथेच असते. हलक्या बेस इमेजमध्ये (जिच्यावर आपली इमेज बांधतो तिच्यात) फॉन्ट मुळीच नसतात. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर तर फॉन्ट शोधून देणारं फॉन्टकॉन्फिग पॅकेजही नसतं. मग जावा फॉन्ट शोधायला जातं आणि नल पॉइंटर एक्सेप्शन देऊन पडतं. लॉग वाचणाऱ्याला वाटतं रिपोर्टमध्ये बग आहे. इमेज बांधतानाच फॉन्टकॉन्फिग आणि एक देवनागरी फॉन्ट घाला. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. डेस्कटॉपवरून विंडोजचा मंगल फॉन्ट उचलून इमेजमध्ये टाकू नका, त्याचं लायसन्स तसं नाही. जॅस्परला फॉन्ट एक्स्टेंशनचं जार (जावाची जोड-फाइल) वेगळं द्यावं लागतं, आणि त्यात पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करण्याचा (फाइलमध्येच बसवण्याचा) पर्याय चालू हवा. हरवलेल्या फॉन्टकडे दुर्लक्ष करण्याची एक प्रॉपर्टी (सेटिंग) आहे. ती चालू केली की एरर जाते आणि पगारपत्रकात नावांच्या जागी चौकोन येतात. ती बंदच ठेवा, एरर दिसू द्या.

फॉन्ट आला म्हणजे अक्षरं जुळली असं नाही. स्क्रीनवर प्रिव्ह्यू दिसतो तेव्हा जोडाक्षरं ब्राउझर जुळवतो. पीडीएफमध्ये ते काम पीडीएफ लायब्ररीचं, आणि आयटेक्स्ट या लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीला ते येत नाही. म्हणून चाचणी नेहमी पीडीएफवर घ्या. त्यासाठी ‘पिंपरी-चिंचवड’ हा शब्द उत्तम: दोन्ही पहिल्या वेलांट्या अक्षराच्या डावीकडे येतात का ते लगेच कळतं. जोडीला ‘शिक्रापूर’, ‘कऱ्हा’, ‘क्षेत्र’, ‘तळेगाव’ घ्या. ‘ॲडव्हान्स’मधला ॲ आणि ₹ हे चिन्ह विसरू नका. ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, ₹ २०१० साली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये हे दोन्ही नसतात. वेलांटी चुकत असेल तर पीडीएफ लायब्ररी नवी घ्या, किंवा तो एक रिपोर्ट एचटीएमएल करून क्रोमियम ब्राउझरमधून पीडीएफ काढा. तिथे जुळणी बरोबर होते. मूळ डेटाच श्रीलिपीसारख्या जुन्या एन्कोडिंगमध्ये असेल, तर कुठलाही फॉन्ट उपयोगाचा नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकीचं.

आकड्यांचंही बघून घ्या. जावाचा नेहमीचा डेसिमल फॉरमॅट एकाच मापाचे गट पाडतो, त्यामुळे १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ छापतो. लाख-कोटीचे स्वल्पविराम हवे असतील तर आयसीयू ही भाषा-आकड्यांची लायब्ररी लागते. आणि तिथे मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) दिलं की आकडेही देवनागरीत येतात. ते पगारपत्रकाला शोभतं, बँकेत द्यायच्या पत्राला चालेल का हे अकाउंट्सला आधीच विचारा.

वेळ. कंटेनर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो, आपण साडेपाच तास पुढे. सकाळी सातचा रिपोर्ट दुपारी साडेबाराला येतो, ही चूक निदान दिसते तरी. न दिसणारी चूक तारखेची असते: १ एप्रिलला पहाटे दोनला निघालेल्या रिपोर्टला यूटीसीत ३१ मार्चची रात्र साडेआठ दिसते, आणि ‘आजपर्यंत’ म्हणून तो गेलं आर्थिक वर्ष उचलतो. जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या इंजिनाला) टाइमझोन आशिया-कोलकाता द्या आणि कंटेनरच्या टीझेड व्हेरिएबललाही तेच द्या. अल्पाइनवर टाइमझोनची माहिती देणारं टीझेडडेटा पॅकेज नसेल तर नुसतं व्हेरिएबल देऊन शेल यूटीसीच दाखवतो. पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा दुवा) जेव्हीएमचा टाइमझोन सेशनला लावतो, त्यामुळे तीच क्वेरी पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड लाइनवर) एक तारीख देते आणि रिपोर्टमध्ये दुसरी. ठरल्या वेळी काम चालवणारा कुबरनेटीसचा क्रॉनजॉब वापरत असाल तर त्यात टाइमझोनचं स्वतंत्र फील्ड आहे, आवृत्ती १.२७ पासून ते पक्कं झालं. ते भरा.

शेड्युलर (ठरल्या वेळी रिपोर्ट चालवणारा) सर्व्हरच्या आतलाच, म्हणजे क्वार्ट्झ असेल, तर दोन पॉड केल्याबरोबर एकच मेल दोनदा जाऊ शकतो. क्वार्ट्झचा जॉब स्टोअर (कामांची यादी) डेटाबेसमध्ये आणि क्लस्टर मोड चालू, या दोन्ही गोष्टी हव्यात. शिवाय नोडांची घड्याळं एकमेकांपासून सेकंदाच्या आत असली पाहिजेत, नाहीतर एक पॉड दुसऱ्याला मेलेला समजून त्याचं काम उचलतो.

मेमरीचा हिशोब कागदावर करा. पॉडला ४ जीबी लिमिट दिली आणि जेव्हीएमला काही सांगितलं नाही, तर तो हीपला (जावाच्या कामाच्या मेमरीला) फक्त पाव हिस्सा, म्हणजे १ जीबी घेतो. तो ९० टक्क्यांवर नेलात तर हीपबाहेर लागणाऱ्या मेटास्पेस, थ्रेड आणि नेटिव्ह मेमरीला जागा उरत नाही आणि लिनक्सचा कर्नल पॉड मारतो: एक्झिट कोड १३७. त्यावेळी जावाच्या लॉगमध्ये काहीच नसतं, कारण जावाला बोलायला वेळच मिळत नाही. नुसता जावा असेल तर ७० टक्के, त्याच पॉडमध्ये क्रोमियमही असेल तर ६० च्या आत, इथून सुरुवात करा आणि जड रिपोर्ट तीन जणांनी एकदम काढून बघा. मेमरीची रिक्वेस्ट (राखून ठेवायची) आणि लिमिट (कमाल) सारखीच ठेवा. क्रोमियमसाठी डेव्ह-एसएचएम (सामायिक मेमरीचं फोल्डर) मोठं करावं लागतं. मूळचं ६४ एमबीच असतं आणि चार्ट असलेलं पान अर्ध्यात कोसळतं. मेमरीवरचं एम्प्टीडिर (पॉडपुरतं तात्पुरतं फोल्डर) तिथे माउंट करा, पण ती जागाही त्याच ४ जीबीत मोजली जाते. सीपीयू दोनपेक्षा कमी दिले तर जेव्हीएम गुपचूप सीरियल कलेक्टर (एकाच थ्रेडवर मेमरी साफ करणारा) निवडतो, आणि मोठ्या हीपवर तो लांब थांबे घेतो. दोन तरी द्या.

जड रिपोर्ट मेमरीत मावला नाही तर जॅस्परचा व्हर्च्युअलायझर त्याची पानं डिस्कवर लिहितो. रूट फाइलसिस्टिम रीड-ओन्ली केली असेल (करावीच) तर टेम्प फोल्डरसाठी एम्प्टीडिर द्या आणि त्याला मर्यादा घाला. नाहीतर एक बेफाम रिपोर्ट नोडची डिस्क भरतो आणि शेजारचे पॉडही बाहेर फेकले जातात.

प्रोब म्हणजे कुबरनेटीस करतं ती पॉडची तपासणी: स्टार्टअप (उठला का), लाइव्हनेस (जिवंत आहे का) आणि रेडीनेस (काम घ्यायला तयार आहे का). तिन्ही लावा. असा सर्व्हर उठायला दोन-तीन मिनिटं सहज घेतो. नुसता लाइव्हनेस प्रोब असेल तर उठायच्या आतच त्याला मारलं जातं, पुन्हा उठवलं जातं, पुन्हा मारलं जातं. स्टार्टअप प्रोबला दर १० सेकंदांनी ३० प्रयत्न म्हणजे ५ मिनिटं द्या. लाइव्हनेसमध्ये डेटाबेस तपासू नका. डेटाबेस मिनिटभर अडला तर सगळे पॉड एकदम रीस्टार्ट होतात आणि तो परत आल्यावर सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडतात. डेटाबेसची चौकशी रेडीनेसमध्ये.

कनेक्शनचं गणित साधं आहे, तरी रोलआउटच्या दिवशीच उमगतं. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव. तीन पॉड आणि प्रत्येकी ३० चा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शनं) म्हणजे ९०, बसतं. पण रोलिंग अपडेटमध्ये (पॉड एकेक करून बदलताना) २५ टक्के सर्ज (जादा पॉडची मुभा) वर पूर्णांकात मोजला जातो, म्हणजे चौथा पॉड उभा राहतो आणि १२० होतात. पूल २० वर आणा. रिपोर्ट रेप्लिकावरून (डेटाबेसच्या चालू प्रतीवरून) काढत असाल तर लांब क्वेरी ‘कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी’ म्हणत तुटते. रेप्लिका मूळची ३० सेकंदच थांबते, ती मुदत रिपोर्टच्या वेळेइतकी वाढवा.

सीक्रेटमध्ये (कुबरनेटीसच्या गुप्त माहितीच्या कप्प्यात) पासवर्ड भरताना एको आदेशाला ‘एन’ पर्याय द्या. तो राहिला तर पासवर्डच्या शेवटी नवी ओळ चिकटते, डोळ्यांना काही दिसत नाही आणि लॉगिन मात्र होत नाही. सीक्रेटमधलं बेस ६४ म्हणजे फक्त लिहिण्याची पद्धत, कुलूप नव्हे, हे ऑडिटरच्या आधी आपण लक्षात घ्यावं. जॅस्परची की-स्टोअर (पासवर्ड उलगडायच्या किल्ल्यांची) फाइलही सीक्रेटमधूनच सगळ्या पॉडना एकसारखी द्या. पॉडने स्वतःची नवी बनवली तर रिपॉझिटरीत (जॅस्परच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये) साठवलेले डेटा सोर्सचे पासवर्ड त्याला उलगडत नाहीत, आणि एकच रिपोर्ट एकदा चालतो, एकदा नाही.

सामायिक फोल्डर हवं असेल तर व्हॉल्यूम ‘रीड राइट मेनी’ प्रकारचा (अनेक नोडना एकदम वापरता येणारा) घ्या. नेहमीची ब्लॉक डिस्क एका नोडलाच जोडली जाते. दुसऱ्या नोडवरचा पॉड ‘मल्टी-अटॅच’ एरर देत ताटकळतो.

इन्ग्रेसवर, म्हणजे बाहेरची विनंती पॉडपर्यंत नेणाऱ्या दारावर, तीन गोष्टी: सेशन एकाच पॉडला चिकटेल अशी कुकी, अपलोडची मर्यादा (एनजिनेक्स या वेब सर्व्हरमध्ये मूळची १ एमबी, मोठा टेम्प्लेट ४१३ एरर देतो), आणि वाचनाची मुदत. ती ६० सेकंद असते. रिपोर्टला नव्वद लागले की ५०४ (वेळ संपल्याची एरर) येतो, माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि पहिली क्वेरी डेटाबेसमध्ये अजून पळतेच आहे. मुदत वाढवा, पण रिपोर्टच्या डेटाबेस यूझरला स्टेटमेंट टाइमआउटही (एका क्वेरीची कमाल वेळ) लावा. नवं काही उभारत असाल तर कम्युनिटीचा इन्ग्रेस-एनजिनेक्स निवडू नका. त्याची देखभाल मार्च २०२६ पर्यंतच, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं आहे.

मेलसाठी २५ नंबरचा पोर्ट धरून चालू नका, क्लाउडवर तो बहुतेक बंद असतो, ५८७ वापरा. समोरच्याला आयपी व्हाइटलिस्ट करायचा असेल तर नॅटचा स्थिर आयपी आधीच कळवा, ते पत्र फिरायला आठवडा जातो. नेटवर्क पॉलिसी (पॉडने कुणाशी बोलावं याचे नियम) लावली असेल तर डीएनएसचा ५३ नंबरचा पोर्ट उघडा आहे ना बघा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही.

आता कॅलेंडर. गर्दी पगाराच्या आसपास, ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीआर-३बी. ऑटोस्केलरच्या (गर्दीप्रमाणे पॉड वाढवणाऱ्या-घटवणाऱ्या सोयीच्या) भरवशावर राहू नका: गर्दी जाणवून नवा पॉड उठेपर्यंत चार-पाच मिनिटं जातात, आणि गर्दी ओसरल्यावर तो जो पॉड काढतो त्यात कुणाचा तरी रिपोर्ट चालू असतो. त्या तारखांना पॉड आदल्या संध्याकाळीच वाढवा. रात्रीचे रिपोर्ट वेगळ्या डिप्लॉयमेंटवर (पॉडच्या वेगळ्या गटावर) टाका. पॉडला बंद व्हायला मूळची ३० सेकंद मिळतात. ती मुदत सगळ्यात लांब रिपोर्टपेक्षा जास्त करा. अपडेटला गुरुवार सोयीचा, पिंपरी-भोसरी पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी असते. मात्र सर्व्हर आपल्याच आवारात असेल तर महावितरणची कामंही गुरुवारीच निघतात, तेव्हा यूपीएसची बॅटरी आधी तपासा.

शेवटी रंगीत तालीम. जड रिपोर्ट चालू करा आणि तो अर्ध्यात असताना त्याचा नोड ड्रेन (रिकामा) करा. रिपोर्ट पूर्ण झाला तर ठीक. मध्येच तुटला तर बंद होण्याची मुदत चुकली आहे. ड्रेनच अडून बसला तर एकच पॉड असताना डिसरप्शन बजेटमध्ये (किती पॉड चालू राहायलाच हवेत त्या नियमात) ‘किमान एक’ लिहिलेलं असतं. मग जुन्या आवृत्तीवर मागे फिरून बघा. ‘रोलआउट अनडू’ हा आदेश फक्त पॉडची व्याख्या, इमेजसकट, मागे नेतो, नव्या आवृत्तीने बदललेली रिपॉझिटरीची टेबलं तशीच राहतात. म्हणून अपडेटआधी पीजी-डम्प (डेटाबेसचा बॅकअप) घ्या, दुसऱ्या डेटाबेसवर तो एकदा चढवून बघा, आणि फाइल पॉडच्या टेम्पमध्ये ठेवू नका. पॉडबरोबर तीही जाते.