परदेशात माल पाठवताय? आधी दुरुस्तीवाला शोधा

वाळूजच्या एमआयडीसीत आम्ही शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करणारे डबे. मराठवाड्यात ते का खपतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. थ्री फेजची लाईट बऱ्याचदा रात्री येते, आणि अंधारात विहिरीवर जाण्यापेक्षा अंथरुणातून मिस कॉल दिलेला बरा. डबा बंद पडला की गंगापूरहून पहाटेच फोन: "मोटार चालूच होईना, काय करायलाव तुम्ही?" आमचा पोरगा गाडीला किक मारतो आणि तासाभरात बांधावर असतो.

परदेशात कसं शिरायचं हे ठरवताना हाच फोन आठवा. तिथून आला तर कोण जाणार? थेट विकायचं, वितरक नेमायचा, तंत्रज्ञान परवान्यावर द्यायचं, की स्वतःची कंपनी काढायची, ते या एका प्रश्नावर ठरवा.

त्याच्याही आधी एकदा जाऊन या. आम्ही केनियाला आधी माल पाठवला, पाहायला नंतर गेलो. नाकुरूच्या बाजूच्या छोट्या शेतकऱ्यांकडे कुठे पेट्रोलचा पंप, कुठे सोलर. थ्री फेजच नाही, तर रात्रीची लाईट कुठली आणि आमचा स्टार्टर कशाला? पण सोलर पंपाच्या कंट्रोलरमध्ये सिम होतं. पंप हप्त्यावर घ्यायचा, हप्ता एम-पेसाने, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायच्या तिथल्या सेवेने भरायचा, थकला तर कंपनी लांबूनच पंप बंद करते. एम-पेसा तिथे २००७ पासून आहे, त्यामुळे म्हाताऱ्यांनाही सवय. म्हणजे आमच्या डब्याला गिऱ्हाईक नव्हतं, पण विहीर कोरडी पडली की मोटार थांबवणारं आमचं सॉफ्टवेअर पंपवाल्यांच्या कामाचं होतं. ते परवान्यावर दिलं. दुरुस्तीला त्यांचीच माणसं जातात, आपल्याला नगामागे पैसे. नफा कमी, झोप पूर्ण.

आधीची चूकही सांगतो. पहिल्या वितरकाने अख्ख्या पूर्व आफ्रिकेचे एकट्याचे हक्क मागितले, तेही पाच वर्षांसाठी. हुरळून सही केली. त्याने चाळीस डबे उचलले, गोदामात ठेवले आणि दुसऱ्या कोणाला विकायला आमचे हात बांधले. वर आमचं नाव तिथे स्वतःच्या नावावर नोंदवायला निघाला होता. ट्रेडमार्क देशापुरता असतो. इथली नोंदणी तिथे चालत नाही. एकाच अर्जात अनेक देशांत ट्रेडमार्क मागता येतो, त्या माद्रिद प्रोटोकॉल नावाच्या करारात भारत २०१३ पासून आहे, केनियाही आहे, त्यामुळे इथूनच अर्ज करता येतो. वितरकाशी बोलणी सुरू करण्याआधी करा. आणि एकाधिकार द्यायचाच तर एक देश, एक वर्ष, आणि तिमाहीला अमुक नग उचलले नाहीत तर हक्क आपोआप संपले, हे कागदावर घ्या.

नुसतं सॉफ्टवेअर असेल तर इंटरनेटवरून थेट विका, दुकान कशाला? मात्र युरोपातल्या लोकांना सेवा विकून त्यांची माहिती साठवणार असाल, तर मे २०१८ पासूनचा जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षण कायदा वाळूजमध्ये बसूनही लागू होतो. यंत्रात सिम असेल तर नेटवर्क तपासा. ऑस्ट्रेलियात २जी कधीच गेलं, २०२४ मध्ये ३जीही बंद झालं. तिथे आमचा २जीवर चालणारा जुना डबा म्हणजे वजनाचा दगड.

स्वतःची कंपनी सगळ्यात शेवटी. दुबईत जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांना स्थानिक भागीदार लागत नाही, म्हणून बरेच जण लायसन्स काढून मोकळे होतात. मग भाडं, व्हिसा, हिशेबनीस सुरू, गिऱ्हाईक मात्र अजून औरंगपुऱ्यातलंच. नेहमीची गिऱ्हाइकं तिथल्या माणसाचा पगार काढून देतील एवढी झाली की मग बघा.

कागदांना घाबरू नका. डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड ऑनलाइन निघतो. एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षी भरा, नाहीतर निर्यातीवर जीएसटी भरून परतावा मागत बसावं लागतं. उधारी द्यावीच लागली तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा, निर्यातीची उधारी बुडाली तर भरपाई देणारा विमा घ्या. आम्ही निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय खोकं बांधत नाही.

आता नवा वितरक पारखायची माझी एक रीत आहे. दहा डबे पाठवतो, त्यातल्या एकाची अँटेनाची वायर मुद्दाम आतून सैल केलेली असते. सांगत काहीच नाही. टांझानियातल्या एकाचा डबे पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला: "चार नंबरला रेंज नाही, उघडू का?" व्हिडिओवर त्याच्या टेबलाकडे पाहिलं, तर स्क्रू आधीच निघालेले होते. करार त्याच आठवड्यात पाठवला.