चिपवरच्या प्रयोगाआधी: रसायनांकडून संदेश वाचून घेण्याची तयारी

प्रयोग असा: बारीक नळ्या कोरलेल्या छोट्या चिपमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीची लाट सोडून संदेश पाठवायचा आणि पुढे रंगावरून तो वाचायचा. तयारीची सुरुवात सोडियम हायड्रॉक्साइडपासूनच करा, कारण जुलैत मुंबईच्या हवेत त्याच्या गोळ्या वजनकाट्यावरच ओल्या व्हायला लागतात. वजनावर विसंबू नका. द्रावण त्याच सकाळी करा, ऑक्झॅलिक आम्लाशी टायट्रेशन करून (म्हणजे किती आम्ल लागतं ते मोजून) खरी तीव्रता बाटलीवर लिहा आणि झाकण घट्ट लावा; हवेतला कार्बन डायऑक्साइडही ते खातं. इतकी काळजी अशासाठी की इथे तीव्रता हाच संदेश आहे. आपण ०.१ मोलरची (म्हणजे लिटरला ०.१ मोल) छोटी लाट सोडतो, पण नळीच्या मधला द्रव पुढे धावतो, भिंतीलगतचा जवळजवळ थांबतो, आणि लाट पसरत जाते, ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९५३ साली मांडलेलं हेच ते पसरणं. शेपूट मागे रेंगाळते आणि पुढच्या संदेशात मिसळते. म्हणून चिपच्या दुसऱ्या तोंडातून, तेवढ्याच वेगाने, ०.०४ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं. ते शेपूट गिळून टाकतं. जेवढा अल्कली उरतो तेवढाच फिनॉल्फ्थॅलीनला, म्हणजे अल्कलीत रंग बदलणाऱ्या दर्शकाला, गुलाबी करतो. किती तीव्रतेपुढे संदेश आला म्हणायचं, तो उंबरठा रसायनच ठरवतं, इलेक्ट्रॉनिक्स नाही, आणि मला या सगळ्यात सर्वात सुंदर वाटतं ते हेच. फिनॉल्फ्थॅलीन अल्कोहोलमध्ये विरघळवून आम्लाच्या बाटलीत घाला.

लाट आम्लाला भेटेपर्यंत ०.०४ मोलरच्या खाली उतरली, तर काहीच दिसणार नाही. तसं झालं तर आम्ल आणखी पातळ करा किंवा तिथवरची वाट आखूड ठेवा.

चिप आदल्या दिवशी तयार हवी. पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबराचं मिश्रण दहास एक (मूळ द्रव दहा भाग, घट्ट करणारा एक), बुडबुडे व्हॅक्यूममध्ये काढलेले, पृष्ठभागाला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) दिल्यावर काचेवर लगेच चिकटवलेली. नळी १०० मायक्रोमीटर रुंद असेल तर साध्या लहान रेणूला ती ओलांडायला साधारण ५ सेकंद लागतात. प्रवाह शांत, थरांचा, त्यामुळे घुसळण होत नाही, मिसळणं फक्त विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरतात तेवढंच. सेकंदाला १ मिलिमीटर वेग धरला तर दोन्ही प्रवाह भेटल्यानंतर किमान १ सेंटिमीटर नागमोडी वाट ठेवा.

चिप कोरडीच न्या, भोकांवर सेलोटेप लावून, स्टीलच्या डब्यात. माटुंग्याला उतरेपर्यंत डबा मांडीवरच. सिरिंज, ट्यूबिंग जास्तीचं घ्या. द्रावणं फ्रिजमधून काढून थेट भरू नका: गार द्रावणात विरलेली हवा गरम होताना नळीतच बुडबुडा होऊन बसते. रंग फिका असतो, म्हणून चिपखाली पांढरा कागद हवाच.