सोसायटीच्या मिटींगमधून धड निर्णय कसा काढायचा

गच्ची गळतेय, कोटेशनं येऊन पडलीयत, मिटींगांवर मिटींगा होतायत आणि ठरत काहीच नाहीये. मग आपण म्हणतो, आपल्या बिल्डिंगमधली माणसंच तशी. असतीलही, पण बऱ्याचदा माणसं ठीकठाक असतात, कोण कोणाशी आणि कुठल्या क्रमाने बोलतंय तिथे घोळ असतो, आणि तो सुधारायला कुणाचा स्वभाव बदलावा लागत नाही हे त्यातल्या त्यात बरं.

सगळ्यात आधी, चर्चा सुरू व्हायच्या आत प्रत्येकाचं मत वेगवेगळं लिहून घ्या, साध्या चिठ्ठीवर, नाव नको. व्हॉट्सॲपवरचा पोल चालणार नाही, त्यात कोणी कुठे मत दिलं ते सगळ्यांना दिसतं आणि पहिली पाच मतं ज्या बाजूला तिकडेच बाकीचे सरकतात. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात नुसत्या रेघांची लांबी ओळखायला दिली होती, आणि बाकीचे ठरवून चुकीचं बोलले तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्या मागे गेले. डोळ्यांना दिसणाऱ्या रेघेबाबत हे, मग वॉटरप्रूफिंगच्या केमिकलबद्दल काय होणार! त्याच प्रयोगात बरोबर बोलणारा एक जरी सोबती मिळाला तरी हे मागे जाणं खूप कमी झालं, म्हणून चिठ्ठ्या मोठ्याने वाचा, वेगळं मत असणाऱ्याला कळू दे की तो एकटा नाही. आणि चेअरमनसाहेबांना प्रेमाने सांगा, तुम्ही शेवटी बोला.

आता चिठ्ठीत काय विचारायचं? "काय करूया" नंतर विचारा, आधी "तुम्हाला काय दिसलं, कधी दिसलं" ते विचारा. ग्रुपची खोड अशी की जे सगळ्यांना आधीच माहीत असतं त्यावरच तासभर बोलणं होतं आणि एकालाच माहीत असलेली गोष्ट निघतच नाही (1985 मध्ये स्टासर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगातून दाखवलंय). समजा, गच्ची गळते हे सगळ्यांना माहितीये, पण भर मे महिन्यातही भिंतीला ओल येते हे फक्त वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला माहितीये, म्हणजे पाणी पावसाचं नसून टाकीचं असू शकतं आणि आख्खं कोटेशनच चुकीच्या कामाचं आहे. तो मेंबर नाही म्हणून मिटींगला नाही. त्याला आणि वॉचमनलाही आधी जाऊन विचारा.

मग चार-पाच जणांचा अभ्यास गट करा, पण त्याला निर्णयाचा अधिकार देऊ नका. ही आयडिया गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची, 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं तेच गाव. तिथे अभ्यास गट नुसता खल करतो, माहिती काढतो, आणि निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. ठरवायचं नसलं की माणूस हट्टाला पेटत नाही, शंका मोकळेपणाने काढतो.

सगळं सेक्रेटरीमार्फतच जाऊ द्यायचं का? लिफ्टची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार), प्लंबर बोलावणं असल्या सरळ कामांना जाऊ द्या, पटकन होतं. 1951 मध्ये हॅरोल्ड लेविट या संशोधकाने पाच-पाच जणांचे गट करून हेच पाहिलं, सगळे निरोप मधल्या एकाच माणसामार्फत गेले की सोपं कोडं लवकर आणि कमी चुकांत सुटायचं, पण कडेचे वैतागायचे. पुढच्या प्रयोगांत गुंतागुंतीच्या प्रश्नांना उलटं निघालं, तिथे सगळे एकमेकांशी बोलणारे गट पुढे गेले, कारण मधल्या माणसावरच लोड येतो. गळतीचं काम दुसऱ्या प्रकारातलं, तेव्हा कॉन्ट्रॅक्टरला अभ्यास गटासमोर बसवा, सेक्रेटरीकडून निरोप नकोत.

आता सर्वसहमतीसाठी शहरातल्या सोसायटीला कायम थांबता येत नाही, स्लॅब काही वाट बघत नाही. म्हणून पहिल्याच मिटींगला तारीख ठरवून टाका: तोवर एकमत झालं तर उत्तम, नाहीतर बहुमत, आणि विरोध करणाऱ्यांचा मुद्दा त्यांच्याच शब्दांत मिनिट्समध्ये, "काहींनी हरकत घेतली" असलं गुळमुळीत नको.