फळमाशीच्या जनुकांची जोडी तपासताय? या चुका टाळा

'दोन जनुकं एकदम बिघडवली, माशीचं वागणं बदललं, म्हणजे आंतरक्रिया (एका बिघाडाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं) सापडली!' दरवर्षी कुणीतरी हे सांगत येतं. माझा प्रश्न ठरलेला: डोळे कोणत्या रंगाचे?

हा प्रश्न मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. माझ्याकडे दोन म्युटंट स्टॉक होते, म्हणजे एकेक जनुक बिघडवलेल्या माशांचे जोपासलेले वंश. दोन्हींतले नर मादीकडे ढुंकून बघत नसत. दोन्ही बिघाड एकाच नरात आणले, तर गडी एकदम रंगात! मादीच्या मागे फिरणं, एक पंख ताणून गुणगुणणं, सगळं जागच्या जागी. दोन बिघाड एकमेकांना सावरतात, असं मी चार महिने सांगत सुटलो. मग एकदा व्हायल (माशांच्या कुप्या) दिव्यासमोर धरल्या. एकेरी म्युटंटचे डोळे फिकट नारिंगी, दुहेरीचे लालभडक. जनुक बिघडवायला घुसवलेल्या डीएनएच्या प्रत्येक तुकड्यासोबत खूण म्हणून मिनी-व्हाइट होतं, म्हणजे डोळ्यांना रंग देणाऱ्या 'व्हाइट' जनुकाची छोटी आवृत्ती. दोन तुकडे, म्हणून रंग जास्त. डोळ्यांत रंगद्रव्य कमी असलं की माशीला उजेडात धड दिसत नाही. न दिसणारा नर कुणामागे धावणार? आणि व्हाइटचा हात फक्त डोळ्यांपुरता नाही: ते शरीरभर चालवलं की नर नरांच्याच मागे लागतात, हे १९९५ सालीच छापून आलंय.

आता मी सगळे स्टॉक एकाच वंशाशी सहा पिढ्या बॅकक्रॉस करतो (पुन्हापुन्हा त्याच वंशाशी संकर, म्हणजे बाकीची जनुकं सगळ्यांत सारखी होतात), तेही माद्यांमार्फत, कारण नरांमध्ये गुणसूत्रांची अदलाबदल होत नाही. शेवटी सगळ्यांना शाबूत व्हाइट देतो. २५ अंशांवर एक पिढी साधारण १० दिवसांची, म्हणजे दोन महिने गेले. घाई असणाऱ्यांनी दुसरा प्राणी शोधावा. (दहा दिवसांहून चटपटीत मिळाला तर मलाही कळवा.)

दुसरी चूक हिशोबाची. समजा वागणुकीच्या चाचणीत कंट्रोल (बिघाड नसलेली माशी) ८०, एक म्युटंट ६०, दुसरा ५० आणि दुहेरी ३० आला, तर ही नुसती बेरीज झाली; २० आणि ३० ची घट एकत्र. आंतरक्रिया म्हणायला आकडा ३० पासून हलायला हवा. आणि एक म्युटंट मुळात ५ वर असेल तर खाली जायला जागाच नाही. तिथे काहीही सिद्ध होत नाही.

जनुक हवं तिथे चालवायला गॅल४ (चालू करणारं प्रथिन) आणि यूएएस (ते जिथे बसतं तो डीएनएचा तुकडा) वापरत असाल, तर गॅल४ एकटं आणि यूएएस एकटं, दोन्ही कंट्रोल हवेतच.

कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेल्या माशा त्याच दिवशी तपासू नका. मी एक दिवस थांबतो आणि सगळे गट एकाच वेळेला बसवतो. सकाळची माशी दुपारच्या माशीसारखी वागत नाही.