कॅन्सरची फाईल हाती आल्यावर

आपल्याकडे कॅन्सरचे निदान बहुधा एवढ्याच शब्दांत घरी पोहोचते: "तुकडा तपासायला पाठवला होता, रिपोर्ट वाईट आला." मग कोणी मुंबई म्हणते, कोणी हैदराबाद, आणि संध्याकाळपर्यंत जमीन गहाण टाकण्याची बोलणी सुरू होतात. माझे कळकळीचे सांगणे असे की, पैशाची जुळवाजुळव करण्याआधी डॉक्टरांना शांतपणे एक प्रश्न विचारावा: हा उपचार आजार पूर्ण बरा करण्यासाठी आहे, की तो आटोक्यात ठेवून त्रास कमी करण्यासाठी आहे? कुठे जायचे, किती खर्च करायचा आणि रुग्णाने किती सोसायचे, हे सगळे या उत्तरावर ठरते.

हा प्रश्न नीट विचारता यावा म्हणून आधी फाईल लावून घ्यावी. वायरच्या पिशवीत घडी घालून कोंबलेले कागद ओपीडीत उलगडेपर्यंत आपला नंबर संपतो. बायोप्सीचा, म्हणजे तुकड्याच्या तपासणीचा, रिपोर्ट सर्वांत वर, त्याखाली सीटी स्कॅन किंवा एमआरआयचे रिपोर्ट व त्यांच्या सीडी, मग ऑपरेशन झाले असल्यास डिस्चार्ज कार्ड, असा क्रम ठेवून प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढावा. काढलेला तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो. मोठी रुग्णालये तो ब्लॉक व काचेच्या स्लाईड स्वतः पुन्हा तपासतात, म्हणून निघण्यापूर्वीच ते लॅबकडून मागून घ्यावेत; नुसता रिपोर्ट घेऊन मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात गेलेल्यांना ब्लॉकसाठी पुन्हा नांदेड-लातूर गाठावे लागते.

रिपोर्टमधील एका शब्दाने फार घरे घाबरवली आहेत. जालन्याकडच्या एका मुलाने आईच्या कागदावर "ग्रेड ३" पाहिले, ती तिसरी स्टेज समजली आणि उपचारच नको असे ठरवले. प्रत्यक्षात गाठ स्तनापुरतीच होती. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात, आणि स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पसरला आहे. या दोन वेगळ्या गोष्टी असून, स्टेज सहसा स्कॅन झाल्याशिवाय ठरत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर (पेशींवर हार्मोनचा परिणाम होतो का, हे सांगणाऱ्या खुणा) आणि हर-टू (पेशींवरील एक प्रथिन) अशी अक्षरेही येतात. तिथले "पॉझिटिव्ह" म्हणजे वाईट नव्हे: ईआर पॉझिटिव्ह असल्यास हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो, आणि हर-टूसमोर "२+" असल्यास फिश नावाची आणखी एक तपासणी लागते. तुकडा काढल्याने आजार पसरतो या भीतीने बायोप्सी मात्र टाळू नये, कारण तिच्याशिवाय बहुतेक वेळा उपचाराची दिशाच ठरत नाही.

ठिकाणाचा विचार करताना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आधी आठवावे. भूम-परांड्याच्या लोकांना बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडते. गुंतागुंतीच्या आजारात १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाचा सल्ला जरूर घ्यावा, परंतु उपचाराची योजना कागदावर लिहून घेऊन किमो, म्हणजे कॅन्सरवरील औषधांचा उपचार, घराजवळ घेता येईल का, हेही तिथेच विचारावे. शेक, म्हणजे रेडिएशन, अनेकदा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतो, त्यामुळे राहण्या-जेवणाचा हिशेब आधीच मांडावा लागतो.

शासनाच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराआधी मंजुरी लागते. रेशन कार्ड व आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी भेटावे. आधी रोख भरून नंतर योजना मागू नये. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही रुग्णालयातूनच भरून मिळतो.

घरातील सर्वांना ठाऊक आणि फक्त आजीला नाही, अशी स्थिती मी वारंवार पाहतो. दारात चपला वाढल्या, कुजबुज सुरू झाली की तिला कळतेच. मग ती कुणाला काही विचारू शकत नाही, एवढेच. तिला किती जाणून घ्यायचे आहे हे तिलाच विचारावे आणि तेवढे खरे सांगावे. वेदना असल्यास मॉर्फिन या तीव्र वेदनाशामक औषधाला घाबरू नये: डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतल्यास वेदनेच्या रुग्णाला त्याचे व्यसन क्वचितच लागते, मात्र बद्धकोष्ठतेचे औषध सोबत मागून घ्यावे.

किमो सुरू झाली की घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट न पाहता, शेवटच्या किमोची तारीख लिहिलेला कागद घेऊन त्याच रात्री रुग्णालय गाठावे.