ऑस्करच्या सहायक अभिनयाचे अंदाज बांधताय? या चुका टाळा

मुख्य भूमिकांचे पाच उमेदवार डिसेंबरपर्यंत बऱ्यापैकी ओळखू येतात. सहायक अभिनेता आणि सहायक अभिनेत्री या गटांत मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पंधरा-वीस नावं शर्यतीत असतात, आणि नेमके इथेच भलेभले तोंडावर आपटतात. त्यात नशिबाचा भाग असतो, पण बऱ्याचदा हिशेबच चुकलेला असतो.

सगळे पुरस्कार एकाच मापाने मोजणं

गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉईस, सॅग (अमेरिकेतल्या अभिनेत्यांच्या संघटनेचे पुरस्कार, 2026 पासून ‘ॲक्टर अवॉर्ड्स’) आणि बाफ्टा (ब्रिटिश अकादमीचे पुरस्कार) या चारही नामांकन याद्यांत नाव आलं की ऑस्करचं नामांकन पक्कं, असा सर्रास समज आहे. 2022 च्या पुरस्कारांतलं ‘बेलफास्ट’ आठवा. कॅट्रिओना बाल्फचं नाव चारही याद्यांत होतं, तिची सहकलाकार ज्युडी डेंचचं एकाही यादीत नव्हतं. 8 फेब्रुवारीला ऑस्करची नामांकनं आली, तेव्हा यादीत डेंच होती आणि बाल्फ बाहेर.

असं का होतं हे कळण्यासाठी मतं कोण देतं ते बघायला हवं. ग्लोब आणि क्रिटिक्स चॉईसचे मतदार पत्रकार आणि समीक्षक असतात. ऑस्करमध्ये अभिनयाची नामांकनं फक्त ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या अभिनेता शाखेचे सदस्य ठरवतात. ते नावं पसंतीक्रमाने लिहितात. जागा पाच, म्हणून एकूण मतपत्रिकांना सहाने भागून त्यात एक मिळवायचा, तेवढी मतं मिळाली की नामांकन. समजा 1200 मतपत्रिका आल्या, तर 201 मतं पुरतात. पण मोजणी सुरू होते पहिल्या पसंतीपासून. शंभर जणांनी तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेलं नाव पहिल्या पसंतीच्या मतांअभावी सुरुवातीलाच बाद होऊ शकतं. डेंचचं ते आठवं नामांकन होतं. तिचं नाव सगळ्यात वर लिहिणारे सहकारी शाखेत पुरेसे होते, असंच मला वाटतं. म्हणून “हे काम किती जणांना आवडलं?” एवढ्यावर थांबू नका. हे नाव पहिलं कोण लिहील, ते शोधा.

तारखाही बघा. त्या वर्षी ऑस्करचं नामांकनासाठीचं मतदान 1 फेब्रुवारीला संपलं आणि बाफ्टाची यादी 3 तारखेला आली. मतपत्रिका बंद झाल्यावर आलेली यादी कुणाचं मत कसं बदलणार? शिवाय 2021 पासून बाफ्टाच्या अभिनयाच्या यादीतली काही नावं ज्युरी ठरवते. त्यामुळे तिथे नाव नसलं म्हणून कुणाला लगेच बाद करू नका.

टाळ्यांना मतं समजणं

‘क्रीड’साठी सिल्व्हेस्टर स्टॅलनला 2016 मध्ये ग्लोब मिळाला, क्रिटिक्स चॉईसही मिळाला. सगळीकडे त्याचीच हवा होती. पण सॅग आणि बाफ्टाच्या याद्यांत त्याचं नावच नव्हतं, म्हणजे जिथे कलाकार आणि चित्रपट व्यवसायातली माणसं मत देतात तिथेच पाठिंबा कच्चा होता. ऑस्कर मार्क रायलन्सने नेलं.

मग रेजिना किंगचं काय, असं कुणीतरी विचारणारच. 2019 मध्ये तीही या दोन्ही याद्यांत नव्हती, तरी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर जिंकली. तिथे समोर कोण होतं ते बघा. सॅग जिंकलेल्या एमिली ब्लंटला ऑस्करचं नामांकनच नव्हतं. बाफ्टा जिंकलेली रेचल वाइझ आणि तिची सहकलाकार एमा स्टोन एकाच चित्रपटासाठी एकाच गटात होत्या. सगळी मतं एकीकडे वळवील असा प्रतिस्पर्धीच नव्हता. म्हणून उमेदवाराच्या उणिवा मोजताना प्रतिस्पर्ध्याच्याही मोजा.

स्टुडिओने सांगितलेला गट डोळे मिटून मान्य करणं

प्रचार कोणत्या गटात करायचा ते स्टुडिओ ठरवतो, पण कोणत्या गटात मत द्यायचं हे मतदाराच्या हातात असतं. ‘द रीडर’साठी केट विन्स्लेटचा प्रचार सहायक गटात झाला, ग्लोबही तिने त्याच गटात जिंकला. ऑस्करच्या मतदारांनी मात्र तिला मुख्य गटात टाकलं, आणि ती तिथेही जिंकली. 2021 मध्ये उलटं झालं. ‘जुडास अँड द ब्लॅक मसाया’साठी लकीथ स्टॅनफील्डचा प्रचार मुख्य भूमिकेसाठी होता, नामांकन मिळालं सहायक गटात, तेही त्याच चित्रपटातल्या डॅनियल कालूयाच्या शेजारी. भूमिका सीमारेषेवरची असेल तर दोन्ही गटांच्या याद्या करून बघा. असा एक जण इकडून तिकडे गेला की दोन्हीकडची पाचवी जागा बदलते.

एकाच चित्रपटातले दोघं म्हणजे मतविभागणी, असं धरून चालणं

वर वाइझ आणि स्टोनबद्दल बोललो, पण तो काही नियम नव्हे. कालूया स्टॅनफील्ड समोर असतानाच जिंकला. 2023 मध्ये जेमी ली कर्टिस स्टेफनी शू समोर असताना जिंकली. ‘गॉडफादर पार्ट टू’मधून सहायक अभिनेत्याच्या गटात तिघं नामांकित होते, तरी रॉबर्ट डी नीरोला ऑस्कर मिळालंच. अंतिम फेरीत पसंतीक्रम नसतो, प्रत्येक मतदार एकच नाव निवडतो आणि ज्याला जास्त मतं तो विजेता. दोघांपैकी एकाकडे स्पष्ट कल असेल तर विभागणीची भीती फारशी उरत नाही. याद्यांत दोघं बरोबरीने चालले असतील, तेव्हा काळजी करा.

अंतिम मतदानात आता एक नवा नियमही आला आहे. ज्या गटात मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित चित्रपट बघितलेले असणं 2025 मध्ये बंधनकारक केलं गेलं. त्यामुळे कमी लोकांनी पाहिलेल्या चित्रपटातल्या एकुलत्या एका नामांकनाला “हा कोण बघणार?” म्हणून आता आधीच खोडू नका.